मैनाबाईंची साक्ष वाचून दाखवली

सकाळी डबा भरत असताना मैत्रीचा फोन आला. "आई, काही दिवस तिकडे येऊ का?" मैत्री ही कोथरूडला दिलेली लेक, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. शर्मिलाताईंनी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाल्या, "आता लगेच कशाला? रविवारी बोलू. चार दिवस कळ काढ." पलीकडून "बरं" एवढंच आलं. खडकीहून कोर्टाकडे जाणारी बस चुकली असती, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शर्मिला गायकवाड सेशन्स कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते सुटसुटीत करून सांगतात, स्टेनो टाइप करते. वकिलांची अक्कल आणि साक्षीदाराचे हुंदके त्यात धरत नाहीत. अपिलात वरच्या कोर्टात माणूस जात नाही, त्याचा कागद जातो. कागदावर जे नाही, ते घडलंच नाही. आणि लिहायचं सगळं साक्षीदाराच्या तोंडचं: मी पाहिलं, मी ओरडलो, मी पळालो. शेवटी ते त्यालाच वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. सुरुवातीला शर्मिलाताईंना घरी आल्यावर जेवण जात नसे. मग त्यांनी युक्ती काढली: शब्द बोटांपर्यंत येऊ द्यायचे, आत घ्यायचे नाहीत. युक्ती अशी लागू पडली, की नवरा गेला तेव्हाही त्यांना रडू आलं नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसल्या, बधिर झाल्या होत्या.

त्या दिवशी लोणी काळभोरच्या मैनाबाई साक्षीला होत्या. सासरी जळून मेलेल्या मुलीची आई. छळ, मारहाण, माहेरून आणायच्या वस्तू, सगळं सांगून झालं. प्रिंट निघाली. शर्मिलाताई नेहमीच्या सपाट आवाजात वाचत गेल्या. "घटनेच्या आदल्या दिवशी मुलीचा मला फोन आला. ती म्हणाली, मला घेऊन जा."

"फुडचं ऱ्हायलं," मैनाबाई म्हणाल्या.

"पुढचं काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"म्या तिला काय म्हनले ते."

सरकारी वकील घाईघाईनं उठले. "बाई, त्याची गरज नाही." बचावाच्या वकिलांनी मात्र कान टवकारले.

"मला गरज हाय," मैनाबाई म्हणाल्या. "सासरच्यांचं समदं लिवलं, मंग माझं बी लिवा."

न्यायाधीशांनी मैनाबाईंचं ऐकून घेतलं आणि मजकूर सांगू लागले. शर्मिलाताईंनी टाइप केलं, नवा कागद काढला आणि वाचायला घेतलं. "मी तिला म्हणाले, तेच आता तुझं घर आहे. चार दिवस कळ काढ. मी..."

वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मॅडम, पुढे," न्यायाधीश म्हणाले.

"मी तिला आणायला गेले नाही."

"बरोबर हाय," म्हणत मैनाबाईंनी अंगठा उठवला.

शर्मिलाताई उभ्या राहिल्या. "साहेब, मला जायला हवं. आत्ताच." न्यायाधीशांनी आधी बोर्डावरच्या उरलेल्या केसेसकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

व्हरांड्यातून त्यांनी फोन लावला. रिंग बराच वेळ वाजत राहिली. शेवटी मैत्रीनं उचलला. "आई? कोर्टाच्या वेळेत?"

"बॅग भर. मी न्यायला येतेय."

पलीकडे मैत्री रडायला लागली. शर्मिलाताईंना अजूनही रडू येत नव्हतं. फोन कानाला तसाच धरून त्या फाटकाबाहेर रिक्षा शोधत राहिल्या.