उभं राहणारी माणसं

बाबा साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. हंगाम संपला की आमची चूल एकवेळच पेटायची. कायम करा म्हणायला ते चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर जायचे आणि अंगणात उभे राहायचे. साहेब गाडीत बसता बसता "बघू" म्हणायचे, तेवढंच.

पुढे मी राज्यशास्त्रात संशोधनाला लागले. सहकारी संस्थांची सत्ता त्याच त्या घरांत कशी राहते, हा माझा विषय. मुलाखतीसाठी मी त्याच बंगल्यात गेले. आता साहेबांचा मुलगा चेअरमन होता. मला सोफ्यावर बसवलं, कपबशीतून चहा आला. खिडकीबाहेर अंगणात खुर्च्या रिकाम्या होत्या आणि एक माणूस भिंतीशी उभा होता.

"बसा म्हटलं तरी बसत नाहीत, मॅडम," चेअरमन हसले. "फार मानतात आम्हाला."

"बसलेला माणूस तुम्हाला दिसत नाही, म्हणून उभे राहतात. बाबा सांगायचे."

"कोण बाबा?"

मी नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. "असं होय," म्हणाले आणि चहा घ्या म्हणाले. मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. वाईटही वाटलं नाही. मी चहा प्यायले आणि पुढचा प्रश्न विचारला. बाहेरचा माणूस अजून उभाच होता.

त्या उभं राहण्यावर मी प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं. प्रबंध मान्य झाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि आता मला पीएच.डी. मिळाली आहे.