ऊन अडवलं बी विंगनं, तक्रारही बी विंगचीच!

फुलझाडांचा नाद असला की घरात फुलं जमतात, असा तुमचा समज असेल. माझ्याकडे किस्से जमले! आल्यागेल्याला एक सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो. आणि प्रत्येक सांगताना माझं डोकं नव्यानं तापतं, ते वेगळंच.

मुळात भांडण उन्हाचं. नांदेडात उन्हाची टंचाई, यावर कुणाचा विश्वास बसेल का? पण आमच्या ए विंगसमोर बी विंग उभी राहिली आणि माझी बंद गॅलरी भर मे महिन्यात अंधारली. लातूरच्या माझ्या मैत्रिणीनं, सुरेखानं, आफ्रिकन व्हायोलेटची पानं ओल्या रुमालात गुंडाळून दिली होती. मी ती एसटीत मांडीवर सांभाळत आणली. पानं रुजली, कुंड्या भरल्या, पण दोन वर्षांत एक कळी नाही! सुरेखाच्या खिडकीत जांभळे गुच्छ, आणि माझ्याकडे नुसता पाला.

"उजेड कमी पडून राहिला गं," ती फोनवर म्हणाली. "पांढऱ्या ट्यूबच्या जोडीला लाल एलईडी लाव."

इथून सगळं सुरू झालं.

*

आमच्या बाजारात अप्पांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, फुलझाडांसाठी लाल एलईडी पाहिजे. अप्पांनी मागं वळूनही न बघता लाल रंग फासलेला झिरोचा बल्ब पुढं सरकवला.

"अप्पा, हा नुसता रंगवलेला बल्ब आहे!"

"लाल हाय का न्हाई?"

"आहे, पण..."

"मग झाडाला काय कळतंय मॅडम?"

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते हो. बारावीला! शेवटी त्यांनी एलईडीची पट्टी मागवून दिली, पण वर सुनावलंच, "फुलं न्हाई आली तर वापस घेनार न्हाई!"

*

पट्टी जोडायला अप्पांनी गजानन वायरमनला पाठवलं. पट्टी बारा व्होल्टची. घरातल्या करंटमध्ये आणि तिच्यात अ‍ॅडॉप्टर लागतो आणि तो सोबत आलेला होता. मी गजाननला तो हातात देऊन चहा टाकायला आत गेले, हीच चूक.

त्याला वाटलं, हा काळा डबा उगाच जागा अडवून राहिला. त्यानं तो खिडकीत ठेवला, पट्टी थेट बोर्डाला जोडली आणि बटण दाबलं.

फाट्!

मी पळत आले तर गॅलरीभर धूर, आणि गजानन माझ्याकडेच रागानं बघतोय.

"मॅडम, तुमच्या घरातला करंटच लई स्ट्राँग हाय!"

जाताना चहात साखर कमी असल्याचंही बोलला. दुसरी पट्टी अ‍ॅडॉप्टरसकट मी स्वतः जोडली. आमचे हे लांब दाराआड उभं राहून "सांभाळून गं" म्हणत होते, एवढीच घरची मदत.

*

लाल उजेड लागला आणि माझी नणंद राहायला आली. त्या संध्याकाळी पांढरी ट्यूब बंद होती. नुसत्या लाल उजेडात हिरवी पानं काळी दिसतात, यात विशेष काही नाही. पण नणंदेनं गॅलरीत डोकावून किंकाळीच फोडली.

"वहिनी! झाडं जळाली की गं सगळी!"

मी ट्यूब लावून हिरवी पानं दाखवीपर्यंत तिनं फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाही होता. हिंगोलीच्या आत्यांचा फोन आला. "जाऊ दे बाई, जिवावरचं झाडांवर गेलं!" मी म्हटलं, आत्या, झाडं जिवंत आहेत. त्या म्हणाल्या, "तसंच वाटतं गं सुरुवातीला."

*

कळस केला दूधवाल्यानं. खालून आमची लाल गॅलरी बघून तो एकदा दारात म्हणाला, "मॅडम, पिल्लं किती दिसाची हायेत?"

"कसली पिल्लं?"

"कोंबडीची! आमच्या गावाकडं बी पिल्लांना ऊब म्हून असाच लाल बल्ब लावतेत."

मी त्याला आत नेऊन कुंड्या दाखवल्या. तो हसला आणि हळूच म्हणाला, "हाव मॅडम, मी कोनाला सांगत न्हाई."

आणि त्यानं सगळ्या बिल्डिंगला सांगितलं! लोक जिन्यात नाक दाबून जायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी बिरादारसाहेब दोनदा माझ्या दाराशी येऊन चक्क वास घेऊन गेले. वास आला नाही, तर म्हणाले, "फार स्वच्छ ठेवता तुम्ही पिल्लं."

*

नेमक्या त्याच आठवड्यात कळ्या धरल्या. मोहरीएवढ्या, पण कळ्या! आता उजेड तुटला तर त्या झडणार, हे मला माहीत होतं. आणि तेवढ्यात मीटिंगचा निरोप आला. विषय पहिला, ए विंगमधला लाल लाईट काढणे.

मी तणतणतच पार्किंगमध्ये गेले. ऊन अडवलं बी विंगनं, तक्रार बी विंगची, आणि आरोपी मी! बिरादारसाहेब उभे राहिले. त्यांचा फ्लॅट माझ्या बरोबर समोर. "पिल्लं असोत नसोत," ते म्हणाले, "सभ्य सोसायटीत लाल लाईट शोभत नाही. आजच काढायचा. हात वर करा."

मी कुंडी मांडीवर घेऊन बसले होते. "फक्त ह्या कळ्या उमलू द्या हो!" मी म्हटलं. मी कुंडी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. एकेक हात वर जायला लागला.

मागच्या खुर्चीवर बिरादारसाहेबांच्या आई बसल्या होत्या. रेणापूरहून लेकाकडे राहायला आलेल्या.

"कोनता दिवा काढून राहिलास रे?"

"समोरचा, आई. लाल."

"का? काय वंगाळ केलं त्यानं?"

"आपल्याला शोभत नाही तो."

"आन् आपल्या घरात तिन्हीसांजेला दिवा कोन लावतंय? तू मोबाइल घेऊन बसतोस, सूनबाई टीव्हीम्होरं. मी हितं आल्यापसून खिडकीतून त्या बाईच्याच दिव्याला हात जोडून राहिले. काढ की, काढ! पर मग उद्यापसून रोज तू लावायचा."

वर गेलेले हात खाली आले. बिरादारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुढचा विषय," ते म्हणाले. "पाण्याची टाकी."