पिठाच्या पेटीवर बसलेला कॅप्टन

राजाच्या शिपायांचे लाल डगले अंगणात दिसताच मार्सलीने मुलाला, यूअनला, पिठाच्या पेटीत कोंबून झाकण लावलं. कलोडनच्या माळावर राजाविरुद्ध लढून हरलेला यूअन कालच लपतछपत घरी आला होता.

शिपायांच्या पुढे होता कॅप्टन लॅक्लन, जहागीरदाराचा धाकटा. आमच्या डोंगराळ मुलखाच्या रीतीप्रमाणे तो मार्सलीच्या घरी, तिच्याच अंगावर पिऊन वाढलेला. पुढे बापाने राजाची बाजू धरली आणि पोराला फौजेत घातलं.

"यूअन कुठंय, माय?"

"तूच शोध की! राजा पगार कशाचा देतो?"

शिपायांनी गवताची गादी संगिनींनी फाडली, माळा उपसला. मग हवालदार पेटीकडे वळला. तेवढ्यात लॅक्लन सावकाश जाऊन पेटीवरच बसला.

"साहेब, एवढी पेटी राहिली."

"यात पीठ असतं. चोरून खायचो म्हणून हिच्या हातचा मार खाल्लाय मी. खोटं वाटत असेल तर उठव मला."

हवालदार त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी तो शिपायांना घेऊन बाहेर पडला.

यूअन फ्रान्सला निसटला. लॅक्लन पुढच्याच वर्षी फ्लँडर्सच्या लढाईत पडला. मार्सली हंबरडा फोडून रडली, तेव्हा शेजारीण दारात येऊन म्हणाली, "लाल डगल्यासाठी रडतेस होय गं?"

"हो, रडते," मार्सली म्हणाली. "जाताना दार ओढून घे."