होईल तितकं हळू

छापखान्याच्या बांधणी विभागात मावशींचा शब्द चालायचा. तीस वर्षं पुस्तकं शिवून बोटं राठ झाली होती, पण नवं काही शिकायचं म्हटलं की त्या एका पायावर तयार. मुलानं स्पॅनिश बोलणारी बायको केली, तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं, "सुनेशी खाणाखुणा करायला मी काय मुकी आहे?"

मग भाजी निवडता निवडता शिकवणी सुरू झाली; तोवर सूनही बरंच मराठी शिकली होती.

"देस्पासिओ म्हणजे हळू. मास देस्पासिओ म्हणजे जास्त हळू," सून म्हणाली.

"आणि सगळ्यात हळू?"

"तेही मास देस्पासिओच, आई. 'ला के आब्ला मास देस्पासिओ', म्हणजे जी सगळ्यात हळू बोलते ती. नेमकं काय ते वाक्यावरून कळतं."

"आणि होईल तितकं हळू?"

"लो मास देस्पासिओ पोसिब्ले."

मावशींनी ते वीसदा घोकलं.

पुढे छापखान्यात कागद कापायचं नवं यंत्र आलं. ते बसवून देणारा तंत्रज्ञ परदेशातून फोनच्या पडद्यावर बोलत होता, तोही फक्त स्पॅनिश. भाषांतरासाठी जोडलेल्या दुभाष्याचा फोन मध्येच तुटला, तरी फोरमननं पातं खाली आणायचं चाक धरलंच.

"लो मास देस्पासिओ पोसिब्ले!" तंत्रज्ञ ओरडला.

'मास' म्हणजे जास्त, एवढं फोरमननं मावशींकडून ऐकलं होतं. त्यानं चाक गरागरा फिरवलं.

"अहो, हात थांबवा!" मावशी धावल्या. "होईल तितकं हळू म्हणतोय तो!"

पातं टेबलापासून बोटभर अंतरावर थांबलं. फोरमननं चाक सोडलं.

मग त्या तंत्रज्ञाने पडद्यावरून विचारलं, तुमच्यात 'मास कुइदादोसामेंते' कोण काम करतं? हा लांबलचक शब्द मावशींनी कधी ऐकला नव्हता. पण गरम भांड्याला हात लावला की सून "कुइदादो!" ओरडायची, आणि शेवटचं 'मेंते' म्हणजे आपलं '-पणे', हेही त्यांना ठाऊक होतं. सगळ्यात काळजीपूर्वक कोण, असंच तो विचारतोय.

"यो," मावशी म्हणाल्या. मी! उगाच लाजायचं कशाला?

चाक त्यांनी हातात घेतलं. तासाभरात पातं केसभरही न हलता बसलं आणि कागदाचा पहिला गठ्ठा सरळ, स्वच्छ कापला गेला. मालकांनी त्याच दिवशी ते यंत्र त्यांच्याकडे सोपवलं.

फोरमन दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला. "मावशी, मलाही शिकवा की थोडं."

"बसा," मावशी म्हणाल्या, आणि शेजारचं स्टूल पुढे सरकवलं.