खोक्यातला इळा

चतुराबाईच्या कोंबड्या मानमोडीनं आठ दिवसांत गेल्या. सकाळी डालगं उचललं की दोन आडव्या, दुपारी बाभळीखाली आणखी एक मान पिळून पडलेली. खड्डे खांदून खांदून सुनेच्या, ज्योतीच्या, हाताला फोड आले. नवव्या दिवशी गोरेगावच्या वाटेवरच्या तिच्या आखाड्यावर, शेतातल्या त्या वस्तीवर, आरवायलाबी कुणी उरलं न्हाई.

उरली ती एकोणीस अंडी. रोग शिरायच्या आधी घातलेली, ज्वारीत पुरून ठेवलेली.

या कोंबड्या बोडक्या मानेच्या. चतुराबाईच्या लग्नात तिच्या मायनं कळमनुरीकडून एक कोंबडी अन् एक कोंबडा बैलगाडीत घालून दिला होता, त्याची ही पैदास. चाळीस वर्षं तिनं ती राखली, अन् राखली म्हणजे कुणाला लागू दिली न्हाई. खायला कुणी अंडी मागितली तर द्यायची, पण देताना एकेक अंडं पदराआड धरून खडाखडा हलवायची. हलवलेल्या अंड्यातून पिल्लू निघत न्हाई. शेजारच्या आखाड्यावरच्या निर्मलाबाईनं एकदा अशी नऊ अंडी कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवसांनी नऊच्या नऊ सडकी निघाली, अन् निर्मलाबाई काय समजायचं ते समजली.

आता तिच्याच दारात जायची पाळी आली.

"निर्मला, एखादी खुडूक कोंबडी दे बाई. अंड्यावर बसवून घेते अन् आणून देते."

निर्मलाबाई तूर पाखडत होती. सूप थांबलं न्हाई. "माझी कोंबडी तुझ्या रोगाच्या घरात? अन् अंडी हलवून ठिवली असशीन, सवयच हाय तुला."

चतुराबाई उलटपावली परत आली.

पोरगा प्रमोद हिंगोलीला विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात कामाला. त्यानं थर्मोकोलचं खोकं आणलं, आत साठचा बल्ब लावला, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली अन् बजावलं, "दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. बाकी झाकण उघडायचं न्हाई. ज्योती, तुझी जिम्मेदारी."

चतुराबाईनं अंड्यांवर एका अंगाला कोळशाची रेघ मारली. सकाळी रेघ वर, दुपारी खाली, सांजेला वर. कोंबडी चोचीनं करते ते काम ही हातानं करायची. सातव्या दिवशी मोबाईलच्या बॅटरीवर अंडी धरली. पाच कोरी निघाली, नुसतं पाणी. चौदा अंड्यांत मात्र तांबड्या दोऱ्यांचं जाळं होतं, अन् मधी काळा ठिपका हलत होता. ती ज्योतीला म्हणाली, "माय आली बघ माझी." असं ती कधी बोलत नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. चैत्रातलं आभाळ, पाण्यापरीस आवाजच जास्ती. कोंबडी अंड्यावर असताना गडगडलं की अंडी बिघडतात, म्हणून डालग्यात लोखंड ठेवायचं. मायनं ठेवलं, मायच्या मायनं ठेवलं. ज्योती सरपण आत घेऊन राहिली होती. चतुराबाईनं झाकण उचललं, बल्बाच्या होल्डराला टेकवून खुरपणीचा इळा उभा केला, झाकण लावलं.

मोठ्ठा कडकडाट झाला. त्यातच कुठंतरी फट् झालं अन् लाईट गेली.

वाऱ्यावावधानात लाईट जातेच. खांब पडला तर दोन दोन दिवस येत न्हाई. सासूसुनेनं खोक्यावर गोधड्या घातल्या. तांब्यात कढत पाणी भरून चाचपडत आत ठेवलं. तांब्या निवला की पुन्हा भरला. तांब्याजवळची अंडी पोळायची, लांबची गार दगड. दिवस असाच गेला, रात्र गेली. लाईट आली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योती दळण घेऊन गावात गेली अन् दळण तिथंच टाकून पळत आली.

"आत्याबाई, गिरणी चालू हाय! लाईट तर काल चारलाच आली म्हणत्यात. आपल्याच घरात काहून न्हाई?"

चतुराबाईनं खोकं उचलून दारात, उजेडात आणलं. इळा कलंडून होल्डरात गेला होता, तारेला तार चिकटली होती अन् इळ्याचं टोक काळं पडलं होतं. फ्यूज कालच उडाला होता.

ज्योतीनं इळ्याकडं पाहिलं. मग सासूकडं.

फ्यूजला तार घालून बल्ब लावेपर्यंत दुपार झाली. प्रमोदचा फोन आला अन् ऐकून तो बायकोवरच सुटला. "तुला काय सांगितलं होतं म्या? एक खोकं सांभाळता येत न्हाई? झाकण कुणी उघडलं?"

ज्योती खाली मान घालून ऐकत राहिली. चतुराबाईनं तिच्या हातातून फोन घेतला.

"म्या उघडलं. इळा म्या ठिवला. तिला बोलू नको."

"इळा? काहून?"

"गडगडत होतं."

पलीकडून फोन बंद झाला.

एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. एकाच अंड्याला टोचा पडला, आतून चिवचिव आली, अन् सांजेपर्यंत ओलं पिल्लू बाहेर पडलं. चोविसाव्या दिवशी चतुराबाईनं बाकीची तेरा उकिरड्यावर नेऊन फोडली. पिसं धरलेली, डोळे मिटलेली पिल्लं, बोडक्या मानांसगट. तिनं एकेक फोडून पाहिलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मग माती ओढली.

जगलेल्या पिल्लाला दोन महिन्यांनी तुरा फुटला. कोंबडा.

तीन महिने तो रिकाम्या अंगणात आरवला. एका सकाळी चतुराबाईनं त्याचे पाय बांधले, काखेत मारला अन् निर्मलाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुझ्या कोंबड्यांत सोड याला."

निर्मलाबाईनं वर पाहिलं. "हलवून आणला का?"

"न्हाई," चतुराबाई म्हणाली. खाली बसून तिनं पायाची दोरी सोडली. "पिल्लं बोडकी निघाली तर ठिव. न्हाई तर काप."

निर्मलाबाईनं चहाचं विचारलं. ती थांबली न्हाई.