पडतंय, पण पोचत न्हाय

दस्तगीर मास्तर गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पंप उघडून बसलो होतो. निरोप्या म्हणाला, ‘‘मास्तर गेलं.’’ मी खेकसलो, ‘‘कुठं गेलं?’’ त्यानं डोक्यावरची टोपी काढली... मग कळलं. महिना उलटला, तरी त्या खेकसण्याची लाज वाटते.

आम्ही दोघं एका वर्गातले. ते बिद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, मी साखर कारखान्यात फिटर झालो. चारचौघांत मी त्यांना मास्तर म्हणायचो, दोघंच असलो की दस्तू.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात स्कायलॅब पडणार म्हणून रेडिओ ओरडत होता. अमेरिकेचं ते अंतराळ स्थानक. मरायचंच हाय तर खाऊन मरू, म्हणून गावानं कोंबड्या कापायचा सपाटा लावला. चहाच्या हॉटेलात कुणीतरी विचारलं, ‘‘मास्तर, खाली आधार न्हाय, वर दोरी न्हाय, मग इतकी वर्सं त्ये वर ऱ्हायलं कसं?’’

असा प्रश्न आला की मास्तरांचा चहा गार व्हायचा. त्यांनी एक खडा उचलून रस्त्यावर टाकला, दुसरा लांब भिरकावला. ‘‘जोर वाढला की खडा लांब पडतो. आता इतक्या जोरात फेका, की खडा जेवढा खाली येईल तेवढीच ही गोल पृथ्वी त्याच्याखालनं वळत जाईल. मग खडा पडतोय, पण जमिनीला पोचत न्हाय. त्ये स्टेशन पहिल्या दिवसापासनं पडतंयच की!’’

पुढचंही त्यांनी सांगितलं. तिथंही अगदी विरळ हवा असते, ती घासते, स्टेशन दर फेरीला किंचित खाली सरकतं. मधूनमधून इंजिनानं वर ढकलावं लागतं, आणि आता ढकलायची सोयच उरलेली नाही. पण पृथ्वीवर समुद्रच जास्त, तेव्हा घाबरू नका... हे ऐकायला होतं कोण? एस.टी. आली आणि निम्मं हॉटेल उठून गेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, ‘‘मास्तर सोत्ता म्हणालं, पडतंयच! कारखान्याच्या चिमणीवर येणार!’’

मास्तरांच्या शेजारच्या ताराक्कांची सून सुमन आठव्या महिन्यात होती. डोंगरात काय पडायचं नाही, म्हणून ताराक्कांनी दुसऱ्या दिवशी तिला माहेरी, चंदगडच्या गाडीत बसवून दिलं. धो धो पाऊस, उखडलेला रस्ता. गाडीतच कळा सुरू झाल्या. मूल वाचलं नाही. स्कायलॅब पडलं ते लांब, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला.

‘‘मास्तरानं सांगितलं म्हणून धाडली,’’ ताराक्का येईल त्याला सांगायच्या.

‘‘एका शब्दानं पोर मारलं रं मी,’’ मास्तर म्हणायचे. मी चिडायचो, ‘‘गाडीत तू बसवलीस व्हय तिला?’’ ते ऐकायचेच नाहीत.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ते ताराक्कांच्या सोप्यात जाऊन बसायचे आणि सुमनला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचे. शेवटी विचारायचे, ‘‘कळलं का पोरी?’’ ती मान खाली घालून म्हणायची, ‘‘न्हाय, मास्तर.’’ सहा वर्षं हेच! ‘‘सोड की आता,’’ मी म्हणायचो. ‘‘मी काय म्हणालोतो तेवढं तिला कळू दे, मग सोडतो,’’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दम्यानं अंगाचा पार पिंजरा झाला, तरी जायचे. शेवटच्या वेळी मीच हाताला धरून नेलं. चार पावलं टाकायची आणि थांबायचं. त्यांचा तो श्वास मला ऐकवत नव्हता, आणि मला करता तरी काय येत होतं? त्या दिवशीही उत्तर तेच मिळालं.

गेल्या बाजाराच्या दिवशी मी रागानं तिच्या दारात गेलो. ताराक्का बाजारात गेल्या होत्या. ‘‘जाताना त्या माणसाच्या तोंडात तुझंच नाव हुतं म्हणं,’’ मी म्हणालो. ‘‘एकदा व्हय म्हणायला काय जात हुतं गं तुझं?’’

‘‘मला पैल्याच दिवशी कळलं हुतं, मामा.’’

ती चौकटीला टेकली.

‘‘मास्तरांचं बरूबर म्हटलं असतं, तर चूक आत्तींची झाली असती. आत्ती तर समोरच बसल्याल्या असायच्या. मला ह्याच घरात नांदायचं हुतं... मास्तर काय, सोसतील वाटलं.’’

माझी नजर आत गेली. सोप्यात मास्तरांच्या नेहमीच्या जागी घोंगडं अंथरलेलं होतं.

‘‘बाजाराचा दिस आला की हात आपसूक टाकत्यात,’’ ती म्हणाली. ‘‘बसा की.’’

माझ्यानं त्यावर बसवलं नाही.