मागच्या खोलीतली वहिनी

भाजीच्या दुकानामागे एक ओलसर खोली होती. अठरा वर्षं वहिनी तिथेच बसायची. दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं. तो गेला, धाकटा दीर गल्ल्यावर बसला आणि म्हणाला, थोडे दिवस मागचं बघा, मग तुम्हीही पुढे या. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

काल उरलेला पालक, माना टाकलेली कोथिंबीर, वाकवली तरी न मोडणारी गाजरं तिच्यापुढे येत. देठाचं टोक बोटभर कापायचं, जुडी थंड पाण्यात उभी करायची आणि धीर धरायचा. पान नुसतं तहानलेलं असेल तर पाणी पिऊन पुन्हा ताठ होतं. पिवळं पडलेल्याला अख्खी विहीर पाजली तरी उपयोग नाही. हा फरक तिच्या बोटांना कळायचा. त्या बोटांची सालं निघाली होती, आणि पुढे ताज्या मालाची वाहवा दीर घेत होता.

यंदा दुकान वाढलं, दुसरा गल्ला आला. वहिनीने जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं: त्या गल्ल्यावर मी बसणार. दीर बरं म्हणाला. पाण्यात तर बुडवायचं, त्यात काय मोठंसं, ते मीच करतो, असंही म्हणाला.

सोमवारी ती पुढे बसली. मागे दिराने डोकं चालवलं. फ्लॉवरमधल्या अळ्या काढायला घरी मिठाचं पाणी करतात, एवढं त्याने पाहिलं होतं. पालकाच्या टबात त्याने अख्खी पुडी मीठ ओतलं. अळ्याही जातील, पालाही ताठ होईल! मिठाने पानांत होतं नव्हतं ते पाणीही ओढून घेतलं. तासाभराने पालकाचं पार फडकं झालं, आणि दुपारी हॉटेलची गाडी यायची होती.

दीर पडलेल्या चेहऱ्याने पुढे आला. वहिनीने बसून राहायला हवं होतं. पण तो पाला तिला बघवेना. तिने पाणी ओतून दिलं, जुड्या तीनदा धुतल्या, देठं कापली, बर्फाचं पाणी केलं. गाडी येईतो निम्म्याहून जास्त पालक उभा राहिला.

ती हात पुसत बाहेर आली, तर तिच्या गल्ल्यावर दिराची बायको, तिची धाकटी जाऊ, बसली होती.

"वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही," दीर म्हणाला. "हे आमच्या बापजन्मात जमायचं नाही. तुम्हाला तिथून हलवणं म्हणजे दुकान बुडवणं."

"मग मी ते वाचवायलाच नको होतं, भाऊजी."

थट्टा समजून तो हसला. जाऊही हसली, पण उठली नाही. वहिनीला त्या दोघांपेक्षा स्वतःचाच संताप आला. अठरा वर्षांपूर्वी तिला दुसऱ्याने मागे बसवलं होतं. आज ती आपल्या पायांनी चालत गेली होती.